दीड तास

मालकांनी तिचा वैमानिकाचा परवाना मागूनपुढून पाहिला, त्यावरचा नंबर एका कागदावर उतरवून घेतला आणि म्हणाले, “ठीक आहे. तुम्ही आमच्या.”

एवढंच. हवामानाबद्दल नाही, इंजिनाबद्दल नाही, एकही प्रश्न नाही.

दोन वर्षं तिनं ज्या दारात पाय ठेवला तिथं एकच पालुपद ऐकलं होतं. आधी अनुभव आणा. नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. घरी जेवताना काका रोज विचारायचे, “काय पायलटबाई, आज पण जमिनीवरच?” सगळे हसायचे. तीही हसायची आणि मग खोलीत जाऊन रडायची. या महिन्यात काही जमलं नाही तर काकांच्या दुकानात बसायचं, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं.

आणि आज सकाळी साडेआठला हा फोन. गणवेश घालून, परवाना घेऊन तासाभरात या.

कंपनी कसली, वरून जमिनीचे फोटो काढणारं एक छोटं विमान, ते ठेवायचं पत्र्याचं हँगर आणि दोन खोल्या. खिडकीतून मेकॅनिक दिसत होता. तो नळी धरून विमानाचं नाक धूत होता, पुन्हा पुन्हा तीच जागा. माणूस टापटिपीचा दिसतो, तिला बरं वाटलं.

कोपऱ्यात मालकांचा मुलगा बसला होता, तिच्याच वयाचा. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. ती ओळखीचं हसली, तर त्यानं मान खाली घातली. बापाच्या जिवावर उड्या मारणारा असेल, असं म्हणून तिनं त्याचा नाद सोडला.

विमान एकदा आतून बघू का, असं तिनं विचारलं. मालक म्हणाले, घाई कसली, आधी कागदपत्रं उरकू. नेमणुकीच्या पत्रावर तारीख कालची होती. ती काही म्हणायच्या आत त्यांनी उड्डाणांची वही पुढे सरकवली.

“आज सकाळी सहा ते साडेसात आमच्या जुन्या वैमानिकानं विमान फिरवून आणलं. त्याच्या गाठीला हजारो तास. त्याला दीड तास म्हणजे दर्यात खसखस. तुमच्या नावावर घाला.”

न उडता नुसते पेनानं कमावलेले तास ही या धंद्यातली जुनी खोड. तिच्याबरोबर शिकलेल्या अर्ध्या मुलांनी असे तास लिहिले होते. त्यातले दोघं आज मोठ्या विमानांवर होते. ही तेवढी सोवळी राहिली, आणि काकांची बोलणी खात बसली.

“कुणी विचारलं तर?”

“विचारतातच. तपासणीवाले येतात मधूनमधून. मीच नेलं होतं म्हणायचं, ठामपणे. चाचरलात तर परवाना जाईल.”

मुलगा एकदम उठून बाहेर गेला. मालकांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं.

हे बरं नाही, हे तिला लख्ख कळत होतं. पण संध्याकाळी काकांसमोर पुन्हा मान खाली घालून बसणं त्याहून अवघड होतं. तिनं सही केली.

बाराच्या सुमारास दाराशी गाडी थांबली. साध्या कपड्यांतली दोन माणसं आत आली. तपासणीवाले, मालक हळूच म्हणाले आणि बाजूला सरले.

त्यातल्या वयस्कर माणसानं वही चाळली आणि तिच्या सहीवर बोट ठेवलं.

“आज सकाळी विमान तुम्ही चालवत होता?”

“हो, मीच,” ती म्हणाली. “सहा ते साडेसात.”

जन्मात इतकं सफाईदार खोटं ती बोलली नव्हती. मालकांनी किंचित मान डोलावली. नोकरी पक्की झाली, तिला वाटलं.

“मग चला आमच्याबरोबर,” वही काखेत मारत तो म्हणाला. “धावपट्टीवर गवत कापणारे जे दोघं तुमच्या विमानाखाली सापडले, त्यातला दुसराही आत्ताच गेला.”