प्रार्थनेच्या बोलीवर

“विनी, हॅलोविनचा केक फुकट द्यायचा नसतो. जो खाईल त्याने केक देणाऱ्याच्या घरच्या मृतांसाठी एक प्रार्थना म्हणायची, असं कबूल करून घ्यायचं,” आई सांगायची.

यंदा माझे यजमान एडविन गेले. म्हणून मी स्वतः पीठ मळलं, प्रत्येक केकवर क्रूस कोरला आणि ते भुतांची सोंगं घेऊन दारी आलेल्या पोरांना वाटले. प्रार्थनेची बोली ऐकून पोरांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. ताट रिकामं झालं. आपल्या हाताला चव आहे, हे मी झोपण्यापूर्वी देवालाही ऐकवलं.

सकाळी शेजारचा हॅरल्ड कुंपणावरून म्हणाला, “विनीताई, पोरांनी तुमचे केक माझ्या मेंढ्यांना घातले हो! एकीनं तर नुसतं हुंगून तोंड फिरवलं.”

“बाकीच्यांनी खाल्ले ना?”

“खाल्ले. आता त्यांच्याकडून प्रार्थनाही म्हणवून घेणार की काय?”

कबूल केलं पोरांनी, खाल्लं मेंढ्यांनी. बोली कुणीतरी पाळायला हवीच. मी आत आले. तोंड फिरवणाऱ्या मेंढीच्या वाटची प्रार्थना आधी म्हणायचं ठरवलं. एडविनही माझा केक असाच हुंगून बाजूला ठेवायचे. त्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून मी हळूच गुडघे टेकले.