निरोगी

केरबाच्या मनगटावरच्या फिकट चट्ट्यात डॉक्टर निगडेबाईंनी सुई टोचली. डोळे मिटून बसलेल्या केरबाला ती कळलीच नाही. बोटंही बधिर होती.

"कुष्ठरोग आहे. औषधानं पूर्ण बरा होईल," बाई म्हणाल्या.

पण औषधाचं कपाट आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून उघडत नसे; यंत्रानं रोग आहे म्हटलं तरच उघडे. कातडीचा तुकडा तपासणाऱ्या यंत्रानं निकाल दिला, निरोगी. बाईंनी पुन्हा तुकडा घातला. निकाल तोच आला.

"यंत्र कशाला खोटं बोलेल, बाई?" केरबा आनंदानं म्हणाला. घरी जाऊन त्यानं पेढे वाटले.

पुढं तो कामाला होता त्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत एकदा त्यानं तापलेला लोखंडी तुकडा उघड्या हातानं उचलला. कातडी करपल्याचा वास सुटला.

"भाजत नाही तुला?" मुकादमानं विचारलं.

"नाही."

"मग उद्यापासून भट्टीवर ये. तुझे हातमोजे दुसऱ्याला देतो."