लहान मुलांसाठी सोपी वाट

तळ्याकाठच्या जंगलातून निघून वाळूच्या टेकडीवर चढणारी ती वाट सगळ्यात सोपी, म्हणून रविवारी लेकुरवाळ्यांची तिथे झुंबड असायची. उतारावर एक चिमुरडी पेल्याएवढ्या भोकात ओंजळीने वाळू ओतत बसली होती. गस्तीवरची वनरक्षक बाई कौतुकाने थांबली. "भरतच नाहीये हो मावशी," पोरगी कुरकुरली. "कधीपासून ओततेयस, राणी?" "अर्धा तास झाला," थोड्या अंतरावर उभा असलेला तिचा बाप हसला, "आमची कन्या हट्टाला पेटली की झालं!" बाईचं हसू मावळलं. वाऱ्याबरोबर टेकडी दरवर्षी पुढे सरकत जंगल गिळत आली होती. गाडली गेलेली झाडं आत कुजून जायची आणि त्यांच्या जागी विहिरीसारख्या पोकळ्या उरायच्या, असं जुने सहकारी सांगायचे. तिने कधी विश्वास ठेवला नव्हता. "दादा, जागचे हलू नका," ती हळू आवाजात म्हणाली आणि पोटावर आडवी झाली. सरपटत जाऊन तिने हातातली काठी पुढे केली. "राणी, घट्ट धर. उठायचं नाही हं." तिने तिला ओढून घेतलं, तोच पोरगी बसली होती तिथली वाळू आवाज न करता खाली गेली. लेक बापाच्या हवाली करून बाईने खालच्या उताराकडे पाहिलं. कितीतरी कुटुंबं डबे उघडून बसली होती, पोरं हुंदडत होती. सगळ्यांना थांबवायला तिने जोरात शिट्टी फुंकली. पोरांना वाटलं, खेळ सुरू झाला. चहूबाजूंनी ती तिच्याकडे धावत सुटली.