नुसतं टक्

नोकरीच्या मुलाखतीला तासभर उरलेला आणि सासऱ्यांची जुनी गाडी काही केल्या सुरू होईना. नवरा परगावी, म्हणून वृंदाने भीतभीत सासऱ्यांनाच अंगणात आणलं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेले दिगंबरराव कान अधू झाल्यापासून कुणाशी बोलेनासे झाले होते.

“किल्ली फिरवल्यावर आवाज कसा येतो?”

लग्नाला तीनच महिने झालेले. त्यांच्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. ती पुटपुटली. त्यांनी नुसताच कान पुढे केला. शेवटी ती डोळे मिटून त्यांच्या कानाशी ओरडली, “टक्! नुसतं टक्!” शेजारीण झाडू थांबवून बघत राहिली.

“दिवे लागतात?”

“लख्ख!”

“मग बॅटरी उतरलेली नाही. वायरींच्या तोंडाशी क्षार साठलाय. उकळतं पाणी आण.”

पाणी ओतून, घासून त्यांनी वायरी घट्ट आवळल्या. तिने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. त्यांना ते ऐकू आलं नाही. बॉनेटवर तळवा ठेवला तेव्हा कळलं. घटकाभर त्यांनी तो उचललाच नाही.

“नीघ आता,” ते म्हणाले. “संध्याकाळी आलीस की तिथं काय काय विचारलं ते सगळं सांग मला. असंच, ओरडून.”