अजून हवा

लेकीने परगावची नोकरी धरली तेव्हापासून बापलेकीत अबोला. उद्या ती गाडी घेऊन निघणार, म्हणून ह्यांनी सकाळपासून दारात बसून ब्रेकचे कॅलिपर खोलले, रबरी सील बदलून परत बसवले. पण ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात, आणि माझा पाय पेडलपर्यंत पोचत नाही, असं मी ठोकून दिलं. मग लेक गाडीत पेडलवर पाय ठेवून बसली, हे बाहेर चाकापाशी.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

पुढे काही बोलतील म्हणून मी उगाच आतबाहेर करत राहिले. चहा निवला. शेवटी विचारलं, "झालं का गं?"

"नाही आई, पेडल मऊच लागतंय. अजून हवा आहे."

हवा निघतेय का ते दिसावं म्हणून चाकाला लावलेल्या पारदर्शक नळीकडे ह्यांनी पाहिलं. तिच्यात केव्हापासून एकही बुडबुडा नव्हता.


"मग दाब परत," हे म्हणाले.