दाखवायचे पैसे

फोन काकीचा होता, पण तिचे दोन्ही हात तांदळाच्या पिठात होते, म्हणून श्वेताने तो उचलला.

"रत्नप्रभाबाई ना? हॉस्पिटलमधून बोलतेय," पलीकडची बाई घाईत होती. "पाच तारखेचं ऑपरेशन तुम्ही पुढे ढकललंत. डॉक्टर विचारतायत, अजून किती थांबणार? गाठ आहे ती बाई, असं थांबून चालत नाही. डिपॉझिट भरलंत तर याच आठवड्यात घेतो म्हणाले."

श्वेताने कसंबसं "सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला.

"कोण गो?" काकीने मान वर न करता विचारलं.

श्वेताने सांगितलं. भाकरी थापणारा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

श्वेता मुलुंडहून घाटकोपरला काकीकडे आली होती ती मजेत, हक्काने जेवायला. इंग्लंडच्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता. फीपुरतं कर्ज बँकेने मंजूर केलं होतं. राहण्याखाण्याचं तिथे काम करून भागवायचं असं घरात ठरलं होतं, पण व्हिसावाल्यांना असलं ठरवणं चालत नाही. त्यांना पैसे दिसावे लागतात. साडेबारा लाख रुपये, मुलीच्या खात्यात, सलग अठ्ठावीस दिवस. मध्ये एक दिवस जरी रक्कम खाली आली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तिचे बाबा, लवू, अंधेरीच्या एका छापखान्यात सुपरवायझर. साडेबारा लाख त्यांनी जन्मात एकत्र पाहिले नव्हते. मग गावच्या देवळासाठी वर्गणी काढावी तशी सगळ्या नातेवाइकांनी मिळून रक्कम उभी केली. घाटकोपरच्या देवदत्तकाकाने चार लाख दिले, बोरिवलीच्या जानकीआत्याने तीन, उरलेले बाबा, मामा आणि मावशीने. देताना सगळ्यांचं बोलणं एकच. बँकेत पडूनच तर आहेत, महिन्याने परत दे. श्वेता एवढी शिकलेली मुलगी, पण तिने ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं.

आज सतरावा दिवस होता.

"काकाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"ह्यांना कशाला सांगायचं? डॉक्टरनेच पुढची तारीख दिली असं सांगितलंय त्यांना." काकीने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "गाठ काय आज आलीय? एवढे दिवस काढले तिच्यासोबत, अजून अकरा काढीन."

"काकी, वेडी आहेस का तू?"

"गप जेवायला बस. आपल्या घरातलं कोणीतरी पहिल्यांदा विमानात बसून शिकायला चाललंय. डॉक्टरचं काय जातं बोलायला!"

श्वेताला रडू आलं नाही. राग आला. आधी काकीचा आला, मग स्वतःचा. गेले सतरा दिवस ती रोज सकाळी दात घासायच्या आधी बँकेचं ॲप उघडून बघत होती. रक्कम शाबूत दिसली की तिचा दिवस चांगला जायचा. आणि तेवढेच सतरा दिवस ही बाई कोणाला काही न सांगता भाकऱ्या थापत होती.

आता चार लाख काढले तर काय होईल, हे तिला पाठ होतं. नवे अठ्ठावीस दिवस भरेपर्यंत कॉलेज सुरू झालेलं असेल. पुढच्या वर्षी प्रवेश मिळेलच असं नाही. कर्जाचा तर भरवसाच नको. दोन वर्षं नोकरी सांभाळून, सुट्ट्या मारून दिलेल्या परीक्षा, ते सगळे फॉर्म, सगळं मुसळ केरात जाणार होतं.

तिने मोबाइल काढला. काकाचं खातं त्यात होतंच. तिने रक्कम टाकली. अंगठा बटणावर नेला आणि मागे घेतला. असं दोनदा झालं. खोटं कशाला बोला, तिसऱ्यांदाही झालं. मग तिने डोळे मिटून बटण दाबलं आणि लगेच काकाला फोन लावला.

"काका, तुझे चार लाख परत पाठवलेत. उद्या सकाळीच काकीला हॉस्पिटलमध्ये घेऊन जा. का ते ती सांगेल."

काकीने गॅस बंद केला. ती तिथेच ओट्याला टेकून खाली बसली, हात पिठाचे तसेच.

"काय केलंस पोरी हे?" ती म्हणाली. "सतरा दिवस काढले होते मी. सतरा!" आणि गाठ असल्याचं कळलं त्या दिवशीही जी रडली नव्हती, ती काकी आता हुंदके देऊन रडायला लागली.

श्वेताने ओलं फडकं आणून तिचे हात पुसले. एकेक बोट पुसलं. दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

मग ती बाहेर जिन्यात येऊन उभी राहिली. खात्यात अजून साडेआठ लाख होते, आणि आता त्यांचा काही उपयोग नव्हता. ज्याचे त्याला परत करायला हवे होते. तिने पहिला फोन बोरिवलीला, जानकीआत्याला लावला. पैसे पाठवतेय एवढंच सांगायचं होतं. पण आत्याचा हसरा आवाज कानावर आला आणि तिला काकीचं भाकऱ्या थापणं आठवलं.

"आत्या, खरं सांग," ती म्हणाली. "तुझं काय थांबलंय?"

मग आत्याने एकदम हळू विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"