डावा दिवा

दाजी तिसऱ्यांदा जीप घेऊन माझ्या पळस्प्याच्या गॅरेजात आले. "दिवा परत फिरलाय. उजेड रस्त्यावर नाय पडत."

बंपरवरचे जादा दिवे मीच बसवले होते. उजवा सरळ होता. डावा उलटा वळून ड्रायव्हरच्या सीटकडे. वैतागून मी तो सरळ केला, नट आवळला आणि त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटणार.

दाजी दारात चहा पीत बसले. चहा संपेपर्यंत दिवा दाराकडे वळला होता. रेघ शाबूत होती.

माझं डोकंच फिरलं. वायर तोडून दिवा मागच्या फळीवर टाकला, तोंड भिंतीकडे.

"बरं झालं," दाजी म्हणाले. "सारखा माझ्याकडंच बघायचा."

इतक्यात मागून उजेड आला आणि समोरच्या जीपवर माझी सावली पडली. तोडलेली वायर माझ्या हातातच होती.